पप्पा, जूनचं उत्तर

झोंबा, मलावी
शनिवार, रात्री

ती. आई-पप्पा, सलाम.

मागच्या रविवारी फोन मध्येच कट झाला तो मी ठेवला नाही हं, लाईट गेली आणि तिच्याबरोबर नेटपण गेलं, पावसाळ्यात इथे रोजचंच आहे. पण खरं सांगू का, पप्पा तुम्ही "दादूला जूनमध्ये इकडे पाठव, सातवीला चांगल्या शाळेत घालतो" म्हणालात आणि नेमकं तेव्हाच कट झालं ते बरंच झालं, लगेच काय बोलणार होते मी. म्हणून लिहितेय, सोलरचा दिवा चालतोय तोवर.

तुम्हाला वाटतं पोरं दिवसभर उंडारतात. थोडी उंडारतात! साडेसहाला प्रार्थना, एक मराठी गीत, मग हे सायकल काढून चर्चच्या मंडळीच्या कामाला जातात आणि जेवणाच्या टेबलाची शाळा होते, साडेअकरापर्यंत. गणित सगळ्यात आधी, कारण नंतर माझाच पेशन्स संपतो. मराठीला बालभारतीच्या पीडीएफ आहेत, फुकट उतरवता येतात, 65 किलोमीटरवर ब्लांटायरला गेलो की प्रिंट काढून आणते. विज्ञानात मात्र आम्ही ढिले आहोत, कबूल. छकुली दुसरीच्या पुस्तकात "पन्नास सात" वाचते, मी सत्तावन्न पाठ करून घेते, आणि बाहेर मैत्रिणींबरोबर इथल्या चिचेवा भाषेत मोजते, त्यात सहा म्हणजे "पाच आणि एक", सात म्हणजे "पाच आणि दोन". परवा म्हणते, आई यांचं किती सोपंय, आपलं कोणी एवढं अवघड केलं? याचं उत्तर गणिताच्या मास्तरांनी द्यावं.

गावातल्या शाळेत का नाही, तर छकुलीला घातलं होतं एक टर्म. 1994 पासून इथे प्राथमिक शाळा फुकट आहे, पोरं भरपूर आणि खोल्या कमी, तिच्या वर्गात शंभराच्या वर, निम्मा वर्ग झाडाखाली, पाऊस आला की शाळा सुटली. काढून घेतलं. ते मला अजून टोचतं, आलोय या लोकांत राहायला आणि आमचीच पोरं तेवढी वेगळ्या टेबलावर. म्हणून तीन वाजता शेजारची आठ-दहा पोरं व्हरांड्यात बसवते, वाचन घेते. सध्या भुकेचे महिने आहेत, नवा मका मार्च-एप्रिलला येणार आणि जुना बऱ्याच घरांत संपलाय, त्यामुळे आधी मक्याची पेज, मग वाचन. आई, हिशेब विचारू नकोस, पुरतं.

जेवणाचं म्हणशील तर भोपळ्याच्या पाल्याची भाजी करतात इथे, टोमॅटो आणि शेंगदाण्याचा कूट घालून, डोळे झाकून खाल्ली तर तुझ्याच हातची वाटेल. मक्याची भाकरी मात्र माझी अजून फाटते.

आता दादूचं. आमच्या इथून ब्लांटायरच्या वाटेला मागोमेरो म्हणून गाव लागतं. 1861 मध्ये मिशनरी आणि प्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टन आणि त्याच्याबरोबरच्या बिशपने या भागात गुलामांचा तांडा सोडवला आणि त्यांना तिथे नेऊन वसवलं. त्यात याओ जमातीचा चुमा नावाचा पोरगा होता. लिव्हिंग्स्टनने 1864 ला त्याला छोट्या बोटीतून झांझिबारहून थेट मुंबईला आणलं, दीड महिना लागला, आणि डॉ. विल्सनच्या शाळेत ठेवलं. आणि पप्पा, दुसरा याओ मुलगा जेकब वेनराइट, तो शिकला कुठे तर आपल्या नाशिकच्या शरणपूरला! तुम्ही रोज फिरायला जाता तिथेच. 1873 ला लिव्हिंग्स्टन वारला तेव्हा त्याचा देह समुद्रापर्यंत वाहून नेणाऱ्यांत हे दोघंही होते, आणि जेकब तर त्याच्याबरोबर लंडनपर्यंत गेला. दादू गप्पच झाला ऐकून. मग म्हणाला, म्हणजे ते इथून आपल्याकडे शाळेत गेले आणि मी तिकडून इथे आलो. आठ पानं लिहिली त्याने, मराठीत, मी न सांगता. ऱ्हस्व-दीर्घाचा आनंदच आहे, पण आठ पानं.

तर जूनला नाही, पप्पा. नववीच्या आधी परत बसून ठरवू, दहावीचं मलाही टेन्शन आहेच आणि त्याला क्रिकेटला अकरा पोरं मिळत नाहीत हेही दिसतं मला. पण आत्ता नाही. मी नववीत होस्टेलला होते, शाळा चांगली होती, मार्कही पडले, आणि पहिलं वर्षभर रात्री उशीत तोंड घालून रडायचे हे तुम्हाला कधी बोलले नाही. राग नाही माझा, तेव्हा तुमच्यापुढे दुसरा मार्ग नव्हता. माझ्यापुढे आहे एवढंच.

एक काम मात्र तुम्हीच करा. तुमचे साडेअकरा म्हणजे आमचे आठ, मंगळवार-गुरुवार व्हॉट्सअॅपवर त्याचे अपूर्णांक घ्याल का, लाईट असली तर? आणि शरणपूरचे चार फोटो काढून पाठवा, त्याने वहीचं शेवटचं पान त्यासाठी कोरं ठेवलंय. आई, गुडघ्याचं काय म्हणाले डॉक्टर ते खरं खरं सांग.

तुमची,
बेबी