मंदाला पत्र : मागच्या पट्टीतली भोकं

प्रिय मंदे,

घरात हे कुणाला सांगायला गेलं की ‘माश्याच ना त्या?’ एवढं ऐकून घ्यावं लागतं. म्हणून तुला लिहितेय. गुडघा बरा आहे, आईचा बीपी गोळीने ताब्यात आहे. झाली तब्येतीची बातमी.

मागच्या भिंतीलगत रानफुलांचं बी टाकलं होतं ना, ते छान उतरलंय. तेरडा, कुर्डू, कडेला तुळस. पण खरी मौज निघाली शेजारच्या उघड्या मातीत. तिथे पेन्सिल जाईल एवढी गोल भोकं पडलीत. उन्हं आली की एकेका भोकातून एक माशी निघते, पोटावर निळे चमकदार पट्टे. हवेत जागच्या जागी थांबते, झटकन वळते, तेरड्यात शिरते. मंदे, अमेगिला! मधमाशीच्याच गोतातली रानमाशी, पण पोळं नाही, राणी नाही. एकटी मादी बीळ खणते, कप्प्यात पराग-मकरंदाचा लगदा ठेवते, त्यावर एक अंडं घालून तोंड बंद करते आणि पुढच्या कप्प्याला लागते. जगात मधमाशीच्या गोतातल्या माश्यांच्या 20,000हून जास्त जाती, त्यातल्या बहुतेक अशाच एकट्या राहणाऱ्या आणि पुष्कळशा जमिनीत घर करणाऱ्या. नर संध्याकाळी वाळक्या काडीला जबड्याने धरून ओळीने झोपतात. मी बॅटरी लावून पाहिलंय.

आणि आता सोसायटीत ठरलंय की त्या पट्टीवर तणनाशक मारून पेव्हर ब्लॉक बसवायचे. का, तर ‘गचपण’ दिसतं! अंडी, अळ्या सगळ्या मातीत आहेत. वर ब्लॉक बसले की त्यांना बाहेर यायला वाट कुठली? मला रात्री झोप लागत नाही. ‘मुलांना चावतील’ म्हणतात. अगं, ही माशी बिळाच्या राखणीला झुंडीने धावून येत नाही, झुंडच नाही तिच्याकडे. हातात दाबली तर डंख मारेल, नराला तर नांगीच नसते. आणि टोमॅटो-वांग्याच्या फुलात पराग बंद डबीत असतो, टोकाला बारीक छिद्र. ही फुलाला धरून सगळं अंग थरथरवते तेव्हा तो बाहेर सांडतो. मधमाशीला ते जमत नाही.

मधमाशीवरून आठवलं. तू मधपेटीच आणायची म्हणून हटून बसली होतीस आणि भांडून निघून गेलीस ती माझी चप्पल घालून! चप्पल ठेव, पण मुद्दा मी सोडणार नाही. एवढ्याशा फुलांत पेटीतल्या हजारो माश्या आणून सोडल्या तर रानमाश्यांच्या तोंडचा घास जातो. आधी फुलं वाढवू, मग पेटीचं बघू.

कुलकर्णी काकू शोभेची दुहेरी पाकळ्यांची रोपं लावू म्हणतात. मनाने फार चांगल्या आहेत त्या, पण त्या फुलांत पुंकेसरांच्याच पाकळ्या झालेल्या असतात. माशीला तिथे पराग जवळजवळ नाहीच.

माझं म्हणणं साधं आहे. पायवाटेपुरते ब्लॉक घाला, पट्टी सोडा. खत घालू नका, घातलं की गवत माजतं आणि फुलं दबतात. बी गळल्यावरच कापणी, तीही अर्धी अर्धी, म्हणजे वाळक्या काड्या कुठेतरी शिल्लक राहतील. फवारणी बंद. पुढे दगडांची कड लावू. कड नीट असली की लोकांना तेच रान बाग वाटायला लागतं, हे मी पाहिलंय. पण मी बोलायला उभी राहिले की आवाज चढतो आणि सगळे गप्प बसतात. तू बोललीस की ऐकतात. शनिवारी संध्याकाळी बैठक आहे. ये. सकाळीच आलीस तर भोकं दाखवते.

तुझ्या बदलीचं काय झालं? सासूबाईंचा डोळा? पिंकीला शाबासकी सांग, निकाल कळला.

तुझी,
शुभा

ता. क. दिन्याला यातलं काही सांगू नकोस. तो उत्साहाने पेटी घेऊनच येईल.