वाळू वेगळी ठेवायला शिकवणाऱ्या अण्णांस

आदरणीय अण्णा,

साष्टांग नमस्कार.

सत्काराचं नाव काढलं तेव्हा तुम्ही फोनवरच आम्हाला झाडलंत. "शाल-नारळाचे पैसे शिल्लक असतील तर एक बरा मॅग्नेट घ्या, वाळूत लोखंडाचे छर्रे यायला लागलेत." मॅग्नेट घेतला. हार घ्यायला तुम्ही येणार नाही हेही कळलं. म्हणून पत्र लिहिते आहे, आणि ते उघड लिहिते आहे, कारण गोकुळ शिरगावपासून कागलपर्यंतचे लोक मला अलीकडं एकच विचारतात, "एकमेकांचं गिऱ्हाईक पळवणारी तुम्ही फाउंड्रीवाली माणसं, वापरलेल्या वाळूपुरती एकत्र कशी आलात?" त्याचं खरं उत्तर तुम्ही आहात.

फाउंड्रीबाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगते, तुम्ही एवढा भाग सोडून द्या. बिडाचं कास्टिंग ओतायचं म्हणजे साचा लागतो आणि साचा वाळूचा असतो. सिलिका वाळूत बेंटोनाइट, थोडी कोळशाची पूड आणि पाणी घालून साचा ठोकतात. पोकळ भागासाठी आत कोअर बसवतात, तो रेझिन किंवा सोडियम सिलिकेट घालून घट्ट केलेल्या वाळूचा. आमच्याकडं रेझिनचा तो शेल कोअर, आणि सिलिकेट घालून कार्बन डायऑक्साइड वायूनं घट्ट केलेला तो सीओटू कोअर. त्यात साडेतेराशे-चौदाशे अंशांचं लोखंड पडतं. साच्याची काळी वाळू पुन्हा पुन्हा वापरता येते, पण धातूला लागून असलेलं बेंटोनाइट दर खेपेला जळून मरतं. शिवाय कोअर फुटून त्याची वाळू त्यात मिसळत राहते. जेवढी नवी वाळू आत येते तेवढी जुनी बाहेर काढावीच लागते, नाहीतर कास्टिंगला ब्लो होल (आतली पोकळी) आणि स्कॅब (वरचे खडबडीत पापुद्रे) ठरलेले. म्हणजे वाळू फेकणं हा आळस नाही, धंद्याच्या पोटातच ते आहे. आणि कोल्हापुरात हा धंदा आजचा नाही. ऑइल इंजिनच्या काळापासून उद्यमनगरात भट्ट्या पेटताहेत. नंतर पंप आले, ट्रॅक्टर आले, गाड्यांचे भाग आले, आणि फाउंड्र्या शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल-हातकणंगलेपर्यंत पसरल्या.

ती काढलेली वाळू कुठं जायची हे कोल्हापूरकरांना सांगायला नको. जुन्या खाणीत, रस्त्याच्या कडेला, कुणाच्या तरी पडीक रानात भर म्हणून. ट्रॉलीवाला विचारायचा नाही, आपणही विचारायचं नाही. उन्हाळ्यात वारं सुटलं की काळी धूळ उडायची आणि पावसात तेच ओढ्याला जायचं. दुसरीकडं नवी वाळू सिंधुदुर्गातून, कासार्डे-फोंड्याच्या बाजूनं घाट चढून यायची. तिकडच्या डोंगराला खड्डा आणि इकडच्या रानात ढीग, अशी ही वाहतूक वर्षानुवर्षं चालली होती. दोन्ही टोकांचं डिझेल आम्हीच भरत होतो.

यंत्र नव्हतं असंही नाही. शिरोलीत फाउंड्र्यांच्या क्लस्टरचा, म्हणजे गटाचा, सामायिक सॅण्ड रिक्लमेशन प्लॅण्ट (जुनी वाळू पुन्हा वापरण्याजोगी करणारा) उभा राहिला, केंद्र सरकारच्या औद्योगिक पायाभूत सुविधांच्या योजनेतून. स्वतःच्या जागेत असा प्लॅण्ट टाकणं आमच्यासारख्या महिन्याला थोडकं टनेज काढणाऱ्यांना या जन्मात जमलं नसतं. पण सामायिक यंत्राला सामायिक शिस्त लागते, आणि ती कुठल्याच योजनेतून मिळत नाही. वाळू तिथं नेली तरी ती कसली आहे, हे आम्हालाच सांगता येत नव्हतं. नॉक-आऊटला, म्हणजे साचा फोडून कास्टिंग काढतात तिथं, सगळं एकाच खड्ड्यात पडायचं. साच्याची काळी वाळू, शेल कोअरचे तुकडे, सीओटू कोअरचे गठ्ठे, स्लॅग, तारा, मोल्डरची तंबाखूची पुडी. असल्या मालातून चांगली वाळू मागायची म्हणजे काय!

तुम्ही आलात तेव्हा एका मोठ्या कारखान्याच्या सॅण्ड लॅबमधून निवृत्त झाला होतात. मला वाटलं होतं, आता सगळ्या मालकांची मीटिंग बोलावणार, प्रोजेक्टर लावणार. तुम्ही गेलात रात्रपाळीला. नॉक-आऊटच्या पोरांबरोबर चहा प्यायलात, आणि दुसऱ्या दिवशी कोअर शॉपमधल्या बायकांजवळ जाऊन बसलात. कुठला कोअर कुठल्या कास्टिंगात जातो हे मालकाच्या कागदावर असतं, पण त्यांच्या हाताला ते पाठ असतं. पिवळ्या पिंपात शेल, निळ्यात सीओटू, काळी वाळू जमिनीवर वेगळ्या कप्प्यात, हे रंग त्यांच्याशी बोलूनच ठरले. आमच्या शेवंताबाई अजून सांगतात, "इतक्या वर्षांत वाळूबद्दल आमाला कुणी इचारलं न्हवतं." या पत्रातले अर्धे आभार त्यांचे आणि त्यांच्या जोडीदारणींचे आहेत, हे तुम्हालाही मान्य असणार.

सीओटूची वाळू वेगळी का, हे तुम्ही ज्या सोपेपणानं सांगितलंत ते मी आता नव्या माणसाला जसंच्या तसं सांगते. रेझिन जळतं. सहा-सातशे अंशांवर भाजलं की दाण्यावरचं रेझिन निघून जातं आणि दाणा मोकळा होतो. सोडियम सिलिकेट जळत नाही. ते काचेसारखं दाण्याला चिकटून बसतं, आणि त्यातला सोडियम वाढत गेला की वाळूची उष्णता सोसायची ताकद कमी होते. म्हणजे एकाच्या ट्रॉलीतले चार गठ्ठे सगळ्यांचा लॉट बिघडवू शकतात. हे ऐकल्यावर सगळ्यांनी माना डोलावल्या. पण ट्रॉली उतरायच्या आधी तपासायची असं तुम्ही म्हणालात, तेव्हा मात्र चेहरे उतरले. आमची वाळू दुसऱ्यानं का तपासायची? त्यावरून कोण कुठला ग्रेड ओततो, किती रिजेक्शन आहे, सगळं बाहेर कळणार.

तुमचं उत्तर मी विसरणार नाही. "गोकुळला दूध घालतासा, तवा फॅट मोजू देतासा न्हवं? म्हशीचा अपमान हुतो काय?"

सगळे हसले आणि तिथंच निम्मं काम झालं. अहो, या जिल्ह्यात प्रत्येकाच्या घरात कुणी ना कुणी डेअरीत दूध घालतं, कारखान्याला ऊस घालतं. आपलं दूध शेजाऱ्याच्या दुधात मिसळणार, म्हणून ते आधी मोजलं जाणार, हे आम्हाला कुणी शिकवायला नको. ते वाळूला लावायचं एवढंच कुणाला सुचलं नव्हतं.

उरलेलं निम्मं काम कसं झालं ते मात्र हसण्यावारी नेण्यासारखं नाही. तुम्ही एक वही घातलीत. तारीख, कारखाना, वाळूचा प्रकार, लॉस ऑन इग्निशन (भाजल्यावरची घट), ग्रेन फाइननेस (दाण्याचा बारीकपणा), शेरा. नमुना मफल भट्टीत तापवायचा, किती वजन घटलं ते लिहायचं. पहिल्या आठवड्यातच एक ट्रॉली परत गेली, आणि ती तुमच्या सख्ख्या पुतण्याची होती. तो तुमच्याशी बरेच दिवस बोलत नव्हता, हे तुम्ही कधी सांगितलं नाहीत. मला ते तुमच्या वहिनींकडून कळलं. पण त्या दिवसानंतर परत आलेल्या ट्रॉलीवरून कुणी वाद घातला नाही. शेरा पक्षपाताचा आहे असं म्हणायला जागाच उरली नव्हती. माझ्या मते आमची ही सोसायटी, जिला अजून नाव नाही आणि नोंदणीही नाही, त्याच दिवशी सुरू झाली.

नंतरचा अडथळा गिऱ्हाइकाचा. रिक्लेम केलेली वाळू वापरता, म्हणजे माल हलका, असा बड्या कंपन्यांच्या क्वालिटीवाल्यांचा समज. माझ्या सासऱ्यांचाही तोच होता. तुम्ही आमच्या एका ब्रॅकेटचे कोअर निम्मी नवी, निम्मी भाजलेली वाळू घालून केले आणि शेजारी सगळ्या नव्या वाळूचे ठेवले. वितळलेलं लोखंड कोअरला लागलं की कच्चा सिलिका दाणा फुगतो. 573 अंशांपाशी त्याची रचनाच बदलते. त्या फुगण्यानं कोअरला भेगा पडतात आणि कास्टिंगवर शिरांसारख्या रेघा उठतात. एकदा भाजून निघालेल्या वाळूचं हे फुगणं कमी असतं. मिश्र वाळूच्या कास्टिंगवर रेघा कमी होत्या आणि फेटलिंगला, म्हणजे कास्टिंग घासून साफ करायला, ग्राइंडर कमी लागला. आमचे मामंजी काही बोलले नाहीत, फक्त दोन्ही ब्रॅकेट उचलून खिडकीपाशी घेऊन गेले आणि बराच वेळ बघत उभे राहिले. पुढच्या महिन्यात नव्या वाळूची ऑर्डर त्यांनी स्वतःच कमी केली.

ते आकडे तुम्ही सगळ्यांपुढं मांडायला लावलेत, चांगले आणि वाईटही. कुणाच्या कुठल्या मालाला किती रिजेक्शन आलं, मिश्रण किती टक्के होतं, वाळू ओली होती का. आम्ही एकाच कंपनीच्या कोटेशनला एकमेकांविरुद्ध दर भरणारी माणसं. दर अजूनही एकमेकांपासून लपवतो, तेवढं राहू द्या. पण वाळूचं कोष्टक आता सगळ्यांच्या फोनवर असतं.

मध्येच तुम्ही हावड्याची गोष्ट सांगितलीत, तीही इथं लिहून ठेवते, कारण त्या दिवशी काही जण सोडून जायच्या बेतात होते. हावड्याच्या छोट्या फाउंड्र्यांवर धुराचे नियम आले तेव्हा तिथं घबराट होती. टेरी या ऊर्जा-संशोधन संस्थेनं 1998 साली तिथल्या एका कारखान्यात सुधारित क्युपोला, म्हणजे कोकवर लोखंड वितळवायची भट्टी, बसवला. त्यात हवा एका ओळीऐवजी वर-खाली दोन ओळींतून सोडायची, आणि धुरासाठी पाण्याचा स्क्रबर. कोक एक तृतीयांशाहून जास्त वाचला. पण तुमचा जोर यंत्रावर नव्हता. "बघा," म्हणालात, "पयल्या मालकानं शेजाऱ्यांना भट्टी बघू दिली. दार लावलं असतं तर ती एकट्याचीच राहिली असती." आमच्यातले बरेच जण आता विजेच्या इंडक्शन भट्टीवर गेलेत, क्युपोलाचा त्यांना उपयोग नव्हता. दार उघडं ठेवण्याचा होता.

ऑगस्ट 2019 च्या पुरात शिरोलीपाशी महामार्ग पाण्याखाली गेला, तेव्हा नवी वाळू कुठून येणार होती? पाणी ओसरलं तरी घाट आणि रस्ते सुरळीत व्हायला वेळ लागला. ज्यांच्या शेडमध्ये भाजलेली कोरडी वाळू पोत्यांत होती त्यांनी ती नसलेल्यांना दिली, उसनी, वहीत लिहून. परतही आली. तुमच्या वहीचं ते पान मी फोटो काढून ठेवलं आहे.

आता जे जमलेलं नाही तेही सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल पत्र सत्कारासारखंच झालं. वाळू घासून-भाजून काढली तरी धूळ उरतेच, मेलेलं बेंटोनाइट आणि राख. बॅग फिल्टरखाली ती गोणी गोणी जमते. एक पेव्हर ब्लॉकवाले घेऊन गेले होते, पण ब्लॉकची ताकद त्यांना हवी तशी येईना. पुढचा माल त्यांनी उचलला नाही. अमेरिकेच्या पर्यावरण खात्यानं 2014 मध्ये लोखंड, पोलाद आणि ॲल्युमिनियम फाउंड्रीची वापरलेली सिलिका वाळू रस्त्याच्या खालच्या थराला आणि तयार मातीत वापरायला हरकत नाही असं तपासून सांगितलं, तो कागद तुम्हीच मला दिला होता. पण तो वाळूबद्दल आहे, या बारीक धुळीबद्दल नाही, हेही तुम्हीच पेन्सिलीनं समासात लिहिलं होतं. शिवाय ही धूळ छातीत जाणारी. गोण्या भरणाऱ्या माणसांना मास्क दिले आहेत, पण उकाड्यात ते गळ्यात येतात. पंखा आणि हूड बसवायचं ठरलंय, खर्च टनेजप्रमाणे वाटून घेतोय.

सीओटू कोअर पूर्ण बंद करावेत असं तुम्ही जाताना म्हणाला होतात. तिघांनी केले. बाकीच्यांना रेझिनचा भाव परवडत नाही, आणि मोठ्या कोअरला त्यांचा हात सीओटूवरच बसलेला आहे. त्यांच्यावर जबरदस्ती करायची नाही असं आम्ही ठरवलं. निळी पिंपं चालू आहेत आणि ती ट्रॉली वेगळी जाते. तुम्हाला हे आवडणार नाही, पण माणसं टिकली पाहिजेत असं मला वाटतं.

मुलाकडं पुण्याला गेल्यापासून तुम्ही वहीची आठवण काढता असं काकू म्हणाल्या. वही आता तुमचा पुतण्या लिहितो. अक्षर तुमच्यासारखं नाही, शेरे मात्र तुमच्यापेक्षा कडक. गेल्या महिन्यात आमची एक ट्रॉली त्यानं परत पाठवली, तारा निघाल्या म्हणून. मी काही बोलले नाही.

अण्णा, तुम्ही आमच्याकडून मानधन घेतलं नाही, रिक्षाभाडंसुद्धा घेतलं नाही. आमची वाळू तुम्ही स्वतःच्या हातानं चाळलीत आणि आमच्या माणसांना नावानिशी ओळखलंत. त्याबद्दल आम्हा सगळ्या कारखान्यांच्या वतीनं, कोअर शॉपच्या आणि नॉक-आऊटच्या वतीनं मनापासून आभार.

त्या फिल्टरच्या धुळीचे नमुने कुरिअरनं पाठवते आहे, तीन वेगवेगळ्या कारखान्यांचे, पुडीवर तारखा आहेत. सवडीनं बघा आणि काय करता येईल ते फोनवर सांगा. सकाळी दहाच्या आत केलात तर बरं, नंतर भट्टी चालू असते.

आपली,
शिरोलीतली एक फाउंड्रीवाली