आभार, मुख्यतः डाव्या हाताबद्दल

सप्रेम नमस्कार,

तुमची-माझी ओळख नाही. तुम्ही नोकरी सांभाळून हौसेनं पियानो वाजवता, त्यातही रॅगटाइम ही जुनी अमेरिकी शैली, आणि पूर्वी घरीच टेप केलेलं वादन कॅसेटवरून उतरवून सगळ्यांना ऐकायला देता, एवढंच मला ठाऊक. त्यातल्या एका कॅसेटनं माझं कधीपासून अडलेलं गाडं पुढे सरकलं, म्हणून हे जाहीर पत्र.

मी मूळची पेटीवाली. पेटीत डावा हात भात्याला जुंपलेला, सुरांचं सगळं उजव्याकडे. रॅगटाइममध्ये मात्र डाव्यावरच सारी भिस्त. खाली खर्जातला सूर, लगेच वर झेप घेऊन कॉर्ड (एकदम वाजवलेले तीन-चार सूर), पुन्हा खाली, पुन्हा वर, आणि लय तसूभरही हलता कामा नये. त्यावर उजवा हात मुद्दाम आडवा चालतो, मात्रेच्या अलीकडे-पलीकडे जोर देत. डावा डळमळला की ती आडवी चाल नुसता गोंधळ वाटते. रॅगटाइमचा नामवंत रचनाकार स्कॉट जॉप्लिन, त्याचा १८९९ सालचा ‘मेपल लीफ रॅग’ मी हट्टानं शिकायला घेतला होता. पहिला भाग कसाबसा बसला, पण पुढे ट्रिओत, म्हणजे तिसऱ्या भागात, डावा हात भलत्याच पट्टीवर जाऊन पडायचा. नामवंतांची रेकॉर्डिंग ऐकावीत तर उमेदच खचायची. त्यांचा हात कधी निघाला आणि कधी पोचला, पत्ताच लागत नाही.

तुमच्या कॅसेटवर याच रॅगचा नुसता डावा हात आहे, तोही अगदी संथ. टेपची खरखर आहे, खुर्ची करकरते, मध्येच तुम्ही ‘हं, परत’ असं पुटपुटता. हेडफोन लावून ऐकताना त्या खरखरीतून एक बारीक टक् ऐकू आली. कॉर्ड वाजण्याच्या किंचित आधी बोटं पट्ट्यांवर टेकल्याचा तो आवाज! म्हणजे खालचा सूर सुटल्यासुटल्या हात वर पोचतो आणि आपली वेळ येईपर्यंत तिथे थांबून राहतो. मी नेमकी ऐन मात्रेवर उडी मारत होते. हे स्वरलिपीत कुठे लिहिलेलं नसतं. तुम्ही ते रेकॉर्डिंग घासूनपुसून चकचकीत केलं असतंत, तर खरखरीबरोबर ती टक्‌सुद्धा गेली असती.

आणखी एक. ‘टेपरेकॉर्डर जरा जोरात पळतोय, मूळ पट्टी ए फ्लॅट’ अशी टीप तुम्ही आठवणीनं जोडलीत. कॅसेट सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर फिरायला हवी. त्याहून भराभर फिरली की लय वाढते आणि सूरही चढतो. टीप नसती तर मी त्या पळत्या लयीमागे धावले असते. गंमत म्हणजे रॅगटाइम जलद वाजवणं कधीच बरोबर नाही, अशी सूचना जॉप्लिननं आपल्या छापील रचनांवर घालून ठेवली होती. किती जण ऐकतात कोण जाणे.

तुमच्या कॅसेटी ऐकताना मला जोसेफ लॅम्ब आठवतो. त्यानंही नोकरी करता करताच रॅग रचले. संगीताचे अभ्यासक सॅम्युअल चार्टर्स यांनी १९५९ साली ब्रुकलिनमधल्या त्याच्या घरी जाऊन त्याचं वादन टेप केलं; पुढच्याच वर्षी लॅम्ब गेला. जॉप्लिनच्या वाट्याला तेवढंही आलं नाही. १९१७ साली तो गेला, त्याच्या हातचे म्हणून उरले ते आदल्या वर्षीचे मोजके पियानो रोल. आपोआप वाजणाऱ्या पियानोत घालायच्या कागदावरची भोकं ती. त्यांत सूर मिळतात, बोटांचं वजन नाही मिळत. शिवाय अशा रोलवर मागाहून दुरुस्त्याही होत. घरच्या टेपची किंमत मला इथे कळते.

माझा ट्रिओ आता न अडखळता पार पडतो. लय अजून संथ आहे, पण जॉप्लिनचाच हवाला असल्यामुळे मला घाई नाही.

जाता जाता एक विनंती. तुमची ती कॅसेट चौथ्या भागाच्या तोंडाशीच संपते. दुसऱ्या बाजूला पुढचं असेल तर तेही ऐकवा, आणि कृपा करून खरखर काढू नका.

आपली आभारी,
एक श्रोती