अर्धलीच्या कालवडीबद्दल

पुणे

ती. बाबा आणि आई,
सा. न.

"अर्धलीनं, म्हणजे निम्म्या वाट्यानं सांभाळायला दिली आणि तानाजीनं कालवडीचा सांगाडा केला," असं बाबा फोनवर म्हणाले. तेव्हा बोलले नाही. लिहिलेलं बरं, मधेच फोन आईकडे जात नाही.

संक्रांतीला मी त्याच्या गोठ्यात डोकावले होते. त्याच्या म्हशीपुढं हिरवी मका, वर सरकी पेंड. शेजारी आपल्या कालवडीपुढं नुसता ज्वारीचा कडबा. बाबा याला लबाडी म्हणतात. मला तो हिशेब वाटतो. वाढलेल्या किमतीत निम्मा वाटा त्याचा, पण पेंड, भरडा, डॉक्टर सगळं त्याच्याच खिशातून. धरा, शंभराची पेंड चारली आणि कालवडीची किंमत दीडशेनं वाढली. त्याला मिळणार पंचाहत्तर, तेही विकल्यावर. पदरचे पंचवीस गेलेच. म्हशीला चारलेली पेंड मात्र डेअरीच्या दहा दिवसांच्या बिलात वसूल होते. बाबा, तुम्ही तरी काय केलं असतं?

माणूस कामचुकार नाही. 2022 ला लंपी आली तेव्हा आपल्याच गाईच्या गाठींना रात्री कडुलिंब-हळद लावत कोण बसलं होतं, ते आईला विचारा.

म्हणून माझं ऐका. खुराकाचा निम्मा खर्च आपण उचलू. मग त्याच शंभरात त्याचे पन्नास जातील आणि पंचाहत्तर येतील, सांगावंही लागणार नाही. जर्सी कालवड नीट खाल्ली तर दीड वर्षाच्या आसपास गाभण करण्याजोगी होते, अर्धपोटी ठेवली तर वर्षभर मागं पडते. ते वर्ष दोघांचंही बुडतं. विमाही उतरवून घ्या, हप्ता मी भरते. कालवड दगावली तर नुकसान कोणाचं, हे देताना कुणी बोललंच नाही. "बघू की" म्हणायचं आणि मग भावकीसारखं भांडायचं!

वाटणीच्या वेळी एकानं किंमत बोलायची आणि ठेवायची की सोडायची ते दुसऱ्यानं ठरवायचं. पुसेगावच्या बाजारात रुमालाखाली बोटं दाबून सौदे केलेत तुम्ही, किमतीत फसणार नाही.

पेंडीचे पैसे पाठवते, पण तानाजीच्या हातात ते तुम्हीच द्या. आणि कालवड परत आपल्या दावणीला आणायची भाषा तूर्त सोडा. वैरण तुम्ही टाकाल हो, शेण आईलाच काढावं लागेल, आणि तिचे गुडघे मला माहीत आहेत.

तुमची,
सुमन