बोर्ड पोचला की आधी हे वाचा

ती. आई-बाबा,
सा. न.

पॅडलबोर्डाची, म्हणजे उभं राहून वल्हवायच्या बोर्डाची, पिशवी शुक्रवारी सकाळी मालवण स्टँडवर येईल. सगळं मिळून चौदा-पंधरा किलो आहे, तेव्हा बाबा, रिक्षा करा. आत काय काय आहे ते मोजून घ्या: गुंडाळलेला बोर्ड, तीन तुकड्यांचं वल्हं, हातपंप, काळी फिन (म्हणजे बोर्डाच्या बुडाला बसणारा पर), कमरपट्ट्याची लीश (म्हणजे माणसाला बोर्डाशी बांधून ठेवणारी दोरी), लाइफ जॅकेट, आणि एक छोटी डबी. डबीत पॅच, गोंद आणि व्हॉल्व्हची किल्ली आहे. किल्ली सगळ्यात आधी हरवते. ती डबीतच राहू दे.

आई, ही हवेची गादी नाही. आत वरच्या आणि खालच्या थरांना हजारो धाग्यांनी एकमेकांशी जखडलेलं असतं. त्यामुळे हवा भरल्यावर बोर्ड फुग्यासारखा गोल होत नाही, फळीसारखा सपाट राहतो. साडेदहा फूट लांब, ३२ इंच रुंद, ६ इंच जाड. मात्र सगळा ताठपणा दाबावर. १५ पीएसआय (हे हवेच्या दाबाचं माप) भरायचा, म्हणजे स्कूटरच्या चाकाहून कमीच. १० वर थांबलात तर बोर्ड मधोमध खचतो, दोन्ही टोकं वर येतात आणि माणसाला वाटतं की आपल्यालाच तोल जमत नाही. दोष हवेचा असतो, पायांचा नाही.

बाबा, पंक्चरवाल्याकडे कॉम्प्रेसर लावून आणायची कल्पना तुम्हाला सुचेलच, म्हणून आत्ताच सांगते: नको. तिथला दाब याच्या कितीतरी पट असतो, काटा कधी पुढे गेला कळत नाही आणि शिवण उसवली की बोर्ड कामातून गेला. सायकलच्या पंपाने उलटी गंमत होईल. बोर्डात साधारण ३०० लिटर जागा आहे. १५ पीएसआय म्हणजे बाहेरच्या हवेइतकाच आणखी एक दाब, म्हणजे आत साधारण ६०० लिटर हवा कोंबायची. बरोबर दिलेला पंप एका दट्ट्याला दोनएक लिटर देतो, म्हणजे तीनशेच्या आसपास दट्टे. सायकलचा पंप घेऊन बसलात तर जेवणाची वेळ टळेल.

भरताना दोन गोष्टींनी माणूस चकतो. पहिली, निम्म्याहून जास्त दट्टे मारले तरी काटा शून्यावरच बसलेला असतो. पंप बिघडलेला नसतो, बोर्ड नुसता भरत असतो, दाब नंतर चढतो. काटा सातआठवर आला की पंपाच्या डोक्यावरचं लाल बूच काढा. मग तो फक्त खाली दाबताना हवा देतो, हवा निम्मी पण जोरही कमी लागतो. शेवटचे तीन-चार पीएसआय कंबर मोडतात. हात सरळ ठेवून अंगाचं वजन टाका, दंडांनी दाबू नका. दमलात तर बसा, हवा कुठे पळत नाही.

दुसरी चूक व्हॉल्व्हची. झाकण उघडलं की मधोमध एक बारीक खुंटी दिसते. दाबून थोडी फिरवली की ती खाली अडकते नाहीतर वर उसळते. भरताना खुंटी वर. खाली राहिली तरी हवा भरली जाते, काटा १५ दाखवतो, सगळं ठीक वाटतं. आणि नळी काढली की भस्सकन आवाज होऊन पाच मिनिटांची मेहनत अंगणात. खुंटीभोवती वाळूचा एक कण जरी राहिला तरी रबर नीट बसत नाही आणि सकाळी भरलेला बोर्ड दुपारी मऊ पडतो. लोक लगेच भोक शोधायला लागतात. आधी ओल्या फडक्याने व्हॉल्व्ह पुसा, मग किल्लीने पाव वळसा आवळा, मग साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघा. दहातल्या आठ वेळा गळती तिथेच असते.

ऊन हा याचा खरा शत्रू. सकाळच्या गारव्यात १५ भरून बोर्ड अंगणात ठेवला आणि आतली हवा ६० अंशांपर्यंत तापली, तर दाब साडेअठरापर्यंत जातो. काळ्या पट्ट्यांवर ती तेवढी तापते. पाण्यात असताना खालून थंडावा मिळतो, चिंता नसते. धोका किनाऱ्यावर चहा पिताना असतो. सावली नसेल तर खुंटी क्षणभर दाबून दोन-तीन पीएसआय सोडून द्या.

फिन मागच्या बाजूला खाचेत बसते, तिचा बाक शेपटीकडे. वल्ह्याचं मात्र उलटं वाटेल. दांड्यापासून पातं थोडं वाकलेलं आहे आणि तो बाक पुढे, टोकाकडे ठेवायचा. बाबा, होडीचं वल्हं सरळ असतं, त्यामुळे तुमचा हात ते चमच्यासारखं, पाणी ओढायला बरं म्हणून, उलटं धरणार. तसं धरलंत तर ओढीच्या शेवटी पातं पाणी वर उचलतं आणि बोर्डाची शेपटी खाली दबते. लांबी तुमच्या उंचीपेक्षा वीतभर जास्त. गुडघ्यांवर बसून मारताना दांडा खालून धरा, मूठ सोडून.

आता पाणी. समुद्रात नाही, खाडीतच, म्हणजे कर्लीत, आणि तिथेही आपल्या देवबागच्या काठाने. कारण वारा. शाळेत खारे वारे आणि मतलई वारे पाठ केलेले असतात, इथे ते कामाला येतात. हिवाळ्यात सकाळी वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. देवबागच्या समुद्राकडच्या बाजूला त्या वेळी पाणी काचेसारखं दिसतं, कारण वारा माडांच्या आडून पाठीमागून येतो. शंभर-दोनशे मीटर आत गेलं की तोच वारा उघड्यावर सापडतो आणि तो माणसाला बाहेर, आणखी बाहेर नेतो. खाडीच्या बाजूला हाच वारा पैलतीरावरून येतो, म्हणजे वाहत गेलात तरी आपल्याच काठाला लागणार. म्हणून सकाळी खाडी. दुपारी बारानंतर खारा वारा सुरू झाला की गणित पालटतं, वारा तुम्हाला पैलतीरावरच्या कोरजाईकडे ढकलायला लागतो. तोवर बोर्ड पडवीत आलेला असावा. लाटांची टोकं पांढरी दिसायला लागली तर नवशिक्याने निघूच नये.

उभा माणूस म्हणजे शीड. ही गोष्ट होडीत बसायची सवय असलेल्यांच्या चटकन लक्षात येत नाही. वारा अंगावर आला की आधी गुडघ्यांवर बसा, तरी जमेना तर पोटावर झोपा, वल्हं छातीखाली दाबा आणि दोन्ही हातांनी पाणी मारा. दिसायला वेंधळं दिसतं, पण परत येता येतं.

भरती-ओहोटी बाबांना मी काय सांगणार. आई घाटावरची, तिच्यासाठी लिहिते, म्हणजे बाबा कधी निघाले आणि कधी परत यायला हवेत हे तिलाही कळेल. तिथीला पाऊणने गुणायचं, भरतीची वेळ ढोबळमानाने मिळते: तृतीयेला सव्वादोन, अष्टमीला सहा, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकराच्या आसपास. हा हिशोब मुंबईकडचा, आपल्याकडे भरती त्याआधी येते. बाहेर पडायचं त्या दिवशी तक्ता बघाच. भरती संपून ओहोटी संपेपर्यंत साधारण सहा तास. पण पाणी सगळे तास सारखं धावत नाही. पहिल्या तासात बाराव्या भागाइतकं उतरतं, दुसऱ्यात दोन भाग, तिसऱ्या-चौथ्यात तीन-तीन, मग पुन्हा दोन आणि एक. म्हणजे मधल्या दोन तासांत निम्मं पाणी निघून जातं. उधाणाला आपल्याकडे दोनेक मीटरचा फरक असतो, त्यातला एक मीटर त्या दोन तासांत. नवशिक्याचा वेग ताशी तीन-चार किलोमीटर. समोरून तेवढंच पाणी आलं तर माणूस हात चालवत जागच्या जागी उभा.

तेव्हा बेत असा करा: भरतीचा शेवटचा तास उरला असताना निघायचं, पाणी आपोआप वर नेईल. ते थांबलं की फिरायचं आणि कोवळ्या ओहोटीबरोबर घरी. भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आसपास, सगळंच मवाळ असतं, सुरुवात तेव्हा करा. कर्ली समुद्राला मिळते त्या संगमाकडे ओहोटीत बोर्ड घेऊन जायचंच नाही. बाहेर निघालेलं पाणी आणि आत येणारी लाट तिथे समोरासमोर भिडतात, होड्याही तिथे जपून जातात.

लीश कमरेलाच. समुद्रात ती पोटरीला बांधतात, कारण तिथे दोरी अडकायला काही नसतं. खाडीत जाळ्यांचे खुंट आहेत, नांगरलेल्या होड्यांचे दोर आहेत. वाहत्या पाण्यात पायाची दोरी खुंटाला अडकली तर पाणी माणसाला आडवं पाडतं, आणि पायापर्यंत वाकून ती सोडवणं भल्याभल्यांना जमत नाही. कमरेच्या पट्ट्याला पुढे एक लाल गोळा आहे, तो ओढला की पट्टा सुटतो. पट्ट्याला गाठ मारायची नाही, उरलेलं टोक कुठे खोचायचं नाही, वर जॅकेट यायला नको. घरी डोळे मिटून, उजव्या हाताने पाचदा आणि डाव्या हाताने पाचदा ओढून बघा. अंधारात दिव्याचं बटण सापडतं तसा तो गोळा सापडला पाहिजे. बाकी कशात काही अडकलेलं नसेल तर लीश सोडायची नाही. माणूस पडला की हलका बोर्ड वाऱ्याने पळतो, पोहून तो गाठता येत नाही.

दादा म्हणत होता बोर्ड कोल्हापूरला नेऊ, पंचगंगेत मजा येईल. त्याला हे वाचून दाखवा. राजाराम बंधाऱ्यासारख्या कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यावरून पाणी पडत असताना वरून काहीच कळत नाही, कारण पडणारं पाणी पुढच्या बाजूला असतं आणि आपल्याला दिसते ती सरळ रेघ. खाली पाणी गोल फिरून परत भिंतीकडे येतं, त्यात बोर्ड आणि माणूस दोघंही घुसळत राहतात. ऑक्टोबर २०२१ मध्ये वेल्समधल्या हॅवरफर्डवेस्टला फुगलेल्या नदीवरच्या असल्याच बंधाऱ्यावरून पॅडलबोर्डवाले गेले आणि चार जणांचा जीव गेला. बंधारा असलेल्या नदीत पाणी वाहत असताना बोर्ड उतरवायचा नाही. यात वाद नको.

आई, आता पडण्याचं. पडणार, ते गृहीतच धरायचं. पडताना बोर्डापासून लांब, बाजूला, पाठीवर किंवा कुशीवर पसरून पडायचं. सूर मारायचा नाही, कारण ओहोटीला खाली किती पाणी आहे ते दिसत नाही. पायात जुने बूट हवेतच, कालवांच्या कडा चपलेलाही जुमानत नाहीत. परत चढताना शेपटीकडून नाही, मधल्या मुठीच्या जागी यायचं, एका हाताने मूठ धरायची, पाय मागे पाण्याच्या पातळीवर येईपर्यंत मारायचे आणि मासा पाटीत टाकावा तसं पोटावर सरकायचं. पाय बोर्डाखाली लोंबकळत असताना हाताने ओढत बसलं तर दम निघतो. बाबा, पहिल्या दिवशी छातीइतक्या पाण्यात फक्त हेच दहा वेळा करा, उभं राहायचं नंतर.

फिन वीतभर आहे. वाळूच्या पुळणीवर ती रुतली की बोर्ड जागीच थांबतो आणि उभा माणूस पुढे तोंडावर जातो. पाण्याचा रंग फिकट झाला की गुडघे टेका.

उभं राहायचं ते मुठीच्या दोन्ही बाजूंना पाय खांद्याइतके लांब ठेवून, गुडघे सैल, नजर पैलतीरावरच्या माडांवर. पायाकडे बघितलं की तोल जातो. आणि थांबून तोल सावरत बसू नका, लगेच दोन हात मारा. सायकलसारखंच, चालता बोर्ड स्थिर. पातं पूर्ण बुडवायचं, घोट्यापाशी आलं की बाहेर. त्यापुढे ओढलं तर बोर्ड नुसता वळतो.

मोबाइल पाण्याच्या पिशवीत घालून गळ्यात, बोर्डाला बांधलेला नाही. ११२ आणि तटरक्षक दलाचा १५५४ आईनेही लिहून ठेवावा. आई, बाबा किती वाजता परतणार ते घड्याळात धरून ठेव. वीस मिनिटं उशीर झाला तर शेजारच्या होडीवाल्यांना सांग, आणखी वाट बघू नको.

घरी आल्यावर गोड्या पाण्याने बोर्ड, फिनची खाच आणि व्हॉल्व्ह धुवा, वल्ह्याचे तुकडे सुटे करा, नाहीतर मिठाने सांधे एकमेकांत बसून जातात आणि मग दोघांनी ओढले तरी सुटत नाहीत. रोज वापरणार असाल तर हवा सगळी काढू नका, सहासात ठेवून पडवीत सुंभाच्या दोन चटयांवर पालथा ठेवा. गुंडाळायचा असेल तर आधी पूर्ण कोरडा करा. आत ओल राहिली तर बुरशीचे ठिपके पडतात ते कशानेच जात नाहीत. खुंटी खाली अडकवून, व्हॉल्व्हच्या विरुद्ध टोकाकडून सैल गुंडाळा. भाताच्या कणगीशेजारी ठेवू नका, उंदीर प्लॅस्टिकही सोडत नाहीत. पिशवी वाशाला टांगा.

भोक पडलंच तर फेविक्विक नको. ते कडक वाळतं आणि बोर्ड वाकला की तडकतं. डबीतला गोंद दोन्ही बाजूंना पातळ लावून, कोपरे गोल कापलेला पॅच दाबून, वर पाट्याचा वरवंटा ठेवून २४ तास हवा भरायची नाही.

मी २० तारखेच्या गाडीने निघते. तोवर बाबांनी फक्त भरणं, पट्टा सोडणं आणि पाण्यातून वर चढणं एवढंच करावं.

तुमची,
छोटी