बाटलीचा पाट

पुणे, 9 जून

प्रिय मित्रा,

परवा फोनवर तू विचारलंस, "नोकरी सांभाळून रात्री दोन-दोन वाजेपर्यंत कसला उद्योग चाललाय?" आणि मी "सांगेन सावकाश" म्हणून विषय टाळला. फोनवर ते सांगून झालं नसतं, म्हणून हे पत्र. तुझ्याकडे एक कामही आहे, पण ते शेवटी.

ताईची धाकटी तुला आठवत असेल. वास्तुशांतीला आला होतास तेव्हा तुझ्या मांडीवरून उतरायला तयार नव्हती. दोन वर्षांपूर्वी तिला आकडी येऊ लागली. तपासण्या झाल्या, औषध लागू पडलं. आता ती चार वर्षांची आहे आणि घरभर धुडगूस घालत असते. औषध म्हणजे सोडियम व्हॅल्प्रोएटचं सिरप, 5 मि.लि.मध्ये 200 मि.ग्रॅ.चं. तिला सकाळी 4 आणि रात्री 4 मि.लि. द्यायचं असतं. एकही वेळ चुकवू नका, असं डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं.

ताईच्या घरात औषध देणारे हात तीन. ताई बँकेतून साडेसातला येते, भावोजींची शिफ्ट दर आठवड्याला बदलते, आणि आई तिथेच असते. मागच्या पावसाळ्यात एका रात्री आईने औषध दिलं आणि ती देवळात कीर्तनाला गेली. ताईला वाटलं राहिलंय, तिने पुन्हा दिलं. दुसऱ्या दिवशी पोरगी उठेना. उठवून बसवली तर मान टाकत होती, चालताना झोकांड्या जात होत्या. डॉक्टरांनी लगेच बोलावून घेतलं, दिवसभर नजरेखाली ठेवलं. संध्याकाळी तिने बिस्किट मागितलं तेव्हा कुठे आम्ही सगळे बसलो. त्यानंतर महिनाभरातच उलटं झालं. प्रत्येकाला वाटलं दुसऱ्याने दिलंय. पहाटे पाचला तिला फिट आली. मी त्या दिवशी तिथेच मुक्कामाला होतो. ते मी तुला लिहून सांगू शकत नाही.

त्या सकाळी ताई ओट्याशी उभी राहून एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होती, "मी विचारायला हवं होतं." आणि मला दिसत होतं, की घरात दिवसातून दहा वेळा हाच प्रश्न विचारला जातो: औषध दिलं का? त्याचं उत्तर मात्र कुणाच्या तरी आठवणीत असतं. आम्ही कालनिर्णयवर दुधाच्या खाड्यासारख्या खुणा करून पाहिल्या. आठवडाभर चाललं. मग कुणी द्यायच्या आधीच खूण केली, कुणी देऊन विसरलं, आणि त्या खुणांवर कुणाचा विश्वास उरला नाही. मला वाटलं, उत्तर बाटलीनेच द्यावं.

गोळ्यांच्या बाबतीत हे काम जुनं आहे, हे मला वाचायला लागल्यावर कळलं. टोपणातच चिप बसवलेल्या गोळ्यांच्या बाटल्या 1980च्या दशकापासून आहेत. कधी उघडली, त्याची वेळ ती चिप टिपून ठेवते. 1989 साली अमेरिकेत आकडीच्याच रुग्णांना तशा बाटल्या देऊन पाहिलं होतं. दिवसातून एकदा घ्यायचं औषध 87 टक्के वेळा घेतलं गेलं होतं, चारदा घ्यायचं 39 टक्के. ती माणसं निष्काळजी नव्हती रे. दिवसातून चार वेळा आठवण ठेवणं हेच माणसाच्या शक्तीबाहेरचं आहे. आपल्याकडे क्षयाच्या गोळ्यांसाठी मिस्ड कॉलची पद्धत निघाली ती तुला माहीत असेल. गोळी पाकिटातून बाहेर काढली की खाली झाकलेला फोन नंबर दिसतो, त्यावर रुग्ण मिस्ड कॉल देतो. मला ती फार आवडते, कारण त्यात सांगणारा रुग्ण स्वतः असतो.

पण पातळ औषधाला ना पाकीट, ना मोजून ठेवलेल्या गोळ्या. बाटली उघडली म्हणजे औषध काढलं असं नाही, आणि काढलं ते किती, हा आणखी वेगळा प्रश्न. ग्रीसमध्ये काही घरांतले चहाचे चमचे गोळा करून मोजले होते. कुणाच्या चमच्यात 2.5 मि.लि. मावत होतं, कुणाच्या 7.3. तरी आपण अजून "एक चमचा सकाळ-संध्याकाळ" म्हणतोच. ताईकडे चमचा पहिल्यापासून बंद आहे, बिनसुईची सिरिंज वापरतात. तूही तुझ्या घरी तीच वापर, एवढं माझं ऐक.

पहिला प्रयोग सोपा होता. टोपणात छोटं लोहचुंबक, बाटलीच्या मानेला रीड स्विच, म्हणजे चुंबक जवळ आहे की नाही ते ओळखणारा स्विच. टोपण निघालं की नोंद. चार दिवसांत तो प्रयोग निकालात निघाला. आई बाटली उघडते ती किती उरलंय ते बघायला. ताई उघडते ती तोंडाला आलेली साखर पुसायला. सिरपचा थर आट्यांवर सुकला की टोपण पूर्ण बसत नाही आणि स्विचला बाटली उघडीच वाटते. मग हँडवॉशसारखा पंप लावून पाहिला, दाबला की ठरावीक औषध बाहेर. दाबल्याची नोंद बरोबर व्हायची, पण नवी बाटली लावली की पहिल्या दोन-तीन दाबांत नुसती हवा येते आणि अर्धवट दाबला तर अर्धंच औषध. मोटरवर चालणारा, रबरी नळी पिळून औषध ढकलणारा पंप मी कागदावरच सोडून दिला. नळीत दोन-अडीच मि.लि. औषध दिवसभर अडकून राहणार, नळी धुणार कोण? आणि वीज गेली की पोरीचं औषध अडणार. मला ते कदापि नको होतं. यंत्र बंद पडलं तरी बाटली ही बाटलीच राहिली पाहिजे.

शेवटी वजनावर आलो. बाटलीला हात लावायचा नाही, ती ठेवायची जागाच शहाणी करायची. चार इंची चौकोनी ठोकळा, आत एक लोड सेल, म्हणजे वजनाचा विजेचा आकडा करून देणारा तुकडा. बाटली उचलण्याआधीचं वजन आणि परत ठेवल्यानंतरचं वजन, यांतला फरक म्हणजे काढलेलं औषध. आईने तो पाहिल्या पाहिल्या "बाटलीचा पाट" असं नाव ठेवलं, आणि आता घरात सगळे त्याला पाटच म्हणतात.

सिरप पाण्यापेक्षा जड असतं. सोनाराच्या काट्यावर दहा वेळा 4 मि.लि. मोजून पाहिलं, दर वेळी पावणेपाच ते पाच ग्रॅमच्या दरम्यान भरलं. 2011च्या मालिकेतलं दोन रुपयांचं नाणं 4.85 ग्रॅमचं असतं. म्हणजे आमच्या पोरीचा एक डोस बरोबर दोन रुपयांच्या नाण्याएवढा! तेव्हापासून माझ्या टेबलावर अशा नाण्यांची चळत आहे. पाटावर नाणं ठेवायचं, काढायचं, आकडा बघायचा. आपण सांगलीला हॉस्टेलवर कॅरमच्या सोंगट्या लावायचो तशी ती चळत दिसते.

अडचण अशी, की लोड सेलवर वजन सतत राहिलं की तो हळूहळू सरकतो. दुपारच्या उकाड्यात एक आकडा, पहाटे दुसरा. तीनशे ग्रॅमच्या बाटलीत पाच ग्रॅम शोधायचे आणि सेल स्वतःच एक-दोन ग्रॅम इकडेतिकडे. आठवडाभर मी त्याच्या मागे लागलो होतो. मग लक्षात आलं, की बाटलीचं खरं वजन मला कधी लागणारच नाही. उचलणं आणि ठेवणं यांत दोन-तीन मिनिटं जातात, तेवढ्यात सेल कुठे सरकणार? दोन वजनं लागोपाठ घेऊन वजाबाकी केली की सरकणंही वजा होतं. त्या रात्री मी सलग साठ वेळा बाटली उचलून ठेवली आणि एकही चूक निघाली नाही. मला रडू आलं होतं, तुला म्हणून सांगतो.

बॅटरीचंही गणित करावं लागलं. लोड सेल 350 ओहमचा, 3 व्होल्टवर साडेआठ मिलिअँपिअर खातो. बटण सेलची ताकद सव्वादोनशे मिलिअँपिअर-तासांच्या आसपास, म्हणजे सतत चालू ठेवला तर एका दिवसात खलास. म्हणून लोड सेल एरवी झोपलेला असतो. वजन घेण्यापुरता जागा होतो, बाटली टेकली की लगेच आणि ती उचलण्याआधी अधूनमधून क्षणभर. तरी बटण सेलवर भरवसा नको म्हणून मी दोन पेन्सिल सेल घातले.

आता मुंग्या. ताईकडे बाटली पहिल्यापासून पाण्याच्या ताटलीत ठेवतात, नाहीतर तासाभरात रांग लागते. पाट आल्यावर आईने ताटली पाटावर ठेवली आणि तिच्यात बाटली. आकडे वेडेवाकडे यायला लागले. मी वायरी तपासल्या, प्रोग्रॅम तपासला. मग एकदा ताई औषध काढत असताना शेजारी उभा राहिलो तेव्हा दिसलं: बाटली उचलली की बुडाला पाणी चिकटून वर येतं आणि ओट्यावर ठिपकतं. दोन ग्रॅम, तीन ग्रॅम. यंत्र बिचारं बरोबरच सांगत होतं, मी त्याला पाणी मोजायला बसवलं होतं. उपाय आईनेच सांगितला. तुळशीच्या कट्ट्याला असते तशी पाटाला बाहेरून पन्हळ कर म्हणाली, पाणी त्यात राहील. आता बाहेरच्या न हलणाऱ्या भागाला पन्हळ आहे आणि आतली तबकडी मोकळी. त्यानंतर मुंगी नाही आणि चुकीचा आकडाही नाही.

पण मित्रा, सगळ्यात मोठी चूक मी वेगळीच केली होती. सुरुवातीला वेळ टळली की पाट जोरात वाजायचा आणि माझ्या, ताईच्या, भावोजींच्या फोनवर निरोप जायचा: "रात्रीचं औषध दिलेलं नाही." मला वाटलं, किती छान. तिसऱ्या दिवशी आईने मला स्वयंपाकघरात बोलावलं. ती रागावली नव्हती. शांतपणे म्हणाली, "तुम्हा भावंडांना मी जन्म दिला, औषधं पाजली. आता माझ्यावर पाळत ठेवायची वेळ आली का रे?" मला उत्तर सुचलं नाही. त्या पहाटेच्या फिटपासून ती रोज स्वतःला दोष देत होती, आणि मी तिच्यासमोर तिची चूक सगळ्यांना कळवणारं यंत्र आणून ठेवलं होतं.

त्या रात्री निरोप बंद केले. आता पाटावर दोनच दिवे आहेत, एक सूर्याचा, एक चंद्राचा. सकाळचं औषध निघालं की सूर्य दुपारपर्यंत हळूच लुकलुकत राहतो. रात्रीचं निघालं की चंद्र. स्वयंपाकघरात येणाऱ्या कुणालाही नुसतं बघितलं की कळतं, कुणाला विचारावं लागत नाही, कुणाला सांगावं लागत नाही. आणि दिवा चालू असताना कुणी पुन्हा बाटली उचलली, तर पाट दोनदा टिकटिकतो. औषध सिरिंजमध्ये जायच्या आधीच हात थांबतो. त्या पावसाळ्यातल्या रात्री ताईला हेच हवं होतं. नोंदी आतल्या चिपमध्ये राहतात. तपासणीला जाताना न्यायच्या की नाही ते ताई ठरवते.

मला हे पोलिओच्या कुपीवरून सुचलं. त्या कुपीवर 1996पासून एक गोल आणि गोलात फिकट चौकोन असतो. लस उष्णतेत राहिली की चौकोन गडद होत जातो, गोलाइतका गडद झाला की कुपी फेकायची. बॅटरी नाही, आवाज नाही. खेड्यातली लस देणारी ताई उन्हात उभी राहून नुसतं बघते आणि तिला कळतं. कुणालाही दोष न देता खरं सांगणारी याहून चांगली वस्तू मी पाहिलेली नाही.

दिव्यांखाली शब्द कोणता लिहायचा, यावर आमच्याकडे दोन रविवार गेले. मी आधी "घेतलं" लिहिलं होतं. पण पोरगी कधी कधी तोंडात धरून फुर्र करून टाकते. ते पाटाला कसं कळणार? "दिलं" लिहिलं तर तेही त्याला ठाऊक नसतं, सिरिंज हातातून पडली असेल. शेवटी "काढलं" लिहिलं. बाटलीतून एवढं निघालं, एवढंच त्याला माहीत आहे. पुढचं माणसांनी बघायचं. तिने थुंकलं तर पुन्हा आपल्या मनाने द्यायचं नाही, डॉक्टरांना फोन करायचा, हे ताईने फ्रिजवर चिकटवून ठेवलंय.

सात महिने झाले. दोनदा डोस गेलेला नाही, चुकलेलाही नाही. आता तुझं काम.

ताईच्या डॉक्टरांकडे येणाऱ्या ओळखीच्या तीन घरांनी पाट मागितलाय. मी थ्रीडी प्रिंटरवर काढतो, पण त्याच्या बारीक थरांत सिरप मुरतं, कितीही पुसा, चिकट राहतं. मला गुळगुळीत पीपी प्लास्टिकमध्ये हवाय, आतले सगळे कोपरे गोलाईचे, म्हणजे बोटाने पुसून निघाले पाहिजेत. पन्हळ आठ मिलिमीटर खोल, आणि तबकडी व चौकट यांत दीड मिलिमीटरची फट. तिथे फ्लॅश, म्हणजे साच्याच्या सांध्यातून आलेलं जादा प्लास्टिक, राहिला तर तबकडी अडकेल आणि वजन चुकेल, तेवढं एक सांभाळायचं. दहा-बारा नगांसाठी अ‍ॅल्युमिनियमचा साधा मोल्ड परवडेल का, की तुझ्याकडे दुसरी काही युक्ती आहे? खर्च मी करणार, त्यावर वाद घालू नकोस.

पुढच्या शनिवारी सकाळच्या गाडीने कोल्हापूरला येतो. पाट, भरलेली बाटली आणि नाणी बरोबर आणतो, तुझ्या टेबलावर लावून दाखवतो. काकांना नमस्कार सांग, वहिनींना आणि मुलांना आठवण. ताईची धाकटी विचारत होती, "तो मांडीवाला काका कधी येणार?"

तुझाच