उपेक्षित ‘लुसिफर्स फ्रेंड’

महोदय,

सत्तरच्या दशकातील जर्मन रॉकवरील आपल्या पुरवणीतील लेखात ‘कॅन’ आणि ‘क्राफ्टवेर्क’ या बँड्सची दखल सविस्तर घेतली आहे. मात्र हॅम्बुर्गच्या ‘लुसिफर्स फ्रेंड’ या बँडचा उल्लेखही नाही, हे खटकले. १९७० मध्ये निघालेल्या त्यांच्या पहिल्या तबकडीत जॉन लॉटन या इंग्रज गायकाचा टिपेला जाणारा आवाज आणि पेटर हेसलाइनची जडशीळ गिटार ऐकली की, ‘ब्लॅक सॅबथ’ या इंग्रज हेवी मेटल बँडच्या जोडीने हे नाव का घेतले जात नाही, असा प्रश्न पडतो. त्यातील ‘राइड द स्काय’ या गाण्याची सुरुवात तर फ्रेंच हॉर्न या पितळी सुषिर वाद्याच्या अशा ललकारीने होते, की ती एकदा ऐकलेला माणूस सहसा विसरत नाही.

या उपेक्षेला काही अंशी बँडच जबाबदार होता. वादक स्टुडिओतील कामात आणि जेम्स लास्ट या जर्मन संगीतकाराच्या वाद्यवृंदात गुंतलेले, त्यामुळे जाहीर कार्यक्रम तुरळक. शिवाय १९७४ च्या ‘बँक्वेट’पर्यंत त्यांनी थेट जॅझची वाट धरली. (मला ती तबकडीही आवडते, पण ते असो.) लॉटन १९७६ मध्ये ‘युराया हीप’ या इंग्रज रॉक बँडमध्ये गेला.

पुढे जुन्या तबकड्यांच्या संग्राहकांनी पहिली आवृत्ती शोधून चढ्या भावाने विकत घेतली, त्यातून पुनर्मुद्रणे निघाली आणि २०१५ मध्ये लॉटनसह बँड पुन्हा रंगमंचावर आला. संग्राहकांच्या हौसेला नावे ठेवणाऱ्यांनी निदान हे श्रेय तरी त्यांना द्यावे.

– एक वाचक, पुणे